अंतराचे भांडवल : जिलाँग फुटबॉल क्लबचे प्रकरण

१६ ऑक्टोबर २०२२ रोजी पुरुषांच्या टी-२० विश्वचषकाचा पहिला सामना झाला आणि नामिबियाने श्रीलंकेला ५५ धावांनी हरवले. ज्या मैदानावर हे घडले ते जिलाँगचे कार्डिनिया पार्क आपल्याकडच्या बहुतेक प्रेक्षकांनी त्या दिवशी पहिल्यांदाच पाहिले असेल. त्या मैदानावर क्रिकेट पाहुणा म्हणून येते; तिथला घरचा खेळ वेगळा आहे. विश्वचषकाच्या त्या सामन्याच्या जेमतेम तीन आठवडे आधी, २४ सप्टेंबरला, जिलाँग फुटबॉल क्लबने मेलबर्न क्रिकेट ग्राउंडवर सिडनी स्वान्सला ८१ गुणांनी हरवून ऑस्ट्रेलियन फुटबॉल लीगचे विजेतेपद मिळवले होते. पन्नास लाखांच्या मेलबर्नपासून सुमारे ७५ किलोमीटरवर असलेल्या, अडीच लाखांच्या आसपास वस्ती असलेल्या बंदराच्या शहराचा हा क्लब आहे. १९९८ साली तो कर्जात इतका रुतला होता की त्याच्या भवितव्याविषयी उघड शंका घेतली जात होती. ज्या आठ क्लबांनी मिळून १८९७ मध्ये ही लीग सुरू केली त्यांपैकी मेलबर्नचे दोन क्लब आपले मूळ गाव सोडून गेले, आणि मेलबर्नबाहेरचा एकमेव क्लब मात्र जागेवर राहिला. हे कसे घडले, हा या प्रकरणाचा विषय आहे.

खेळाविषयी आवश्यक तेवढेच सांगतो. लंबगोल मैदानावर प्रत्येकी १८ खेळाडू, लंबगोल चेंडू, चार सत्रे. दोन्ही टोकांना चार-चार खांब असतात. मधल्या दोन उंच खांबांमधून लाथेने चेंडू गेला तर सहा गुण, बाजूच्या बुटक्या खांबाच्या आत गेला तर एक गुण. त्यामुळे धावफलकावर २४.१९ असे लिहिलेले दिसले तर २४ गोल आणि १९ एकेरी गुण मिळून १६३, असा हिशेब करायचा. तिकडचे लोक या खेळाला लाडाने नुसते ‘फुटी’ म्हणतात.

या खेळाचा उगम क्रिकेटपटूंच्या रिकाम्या हिवाळ्यात आहे. टॉम विल्स या व्हिक्टोरिया राज्यातील (मेलबर्न आणि जिलाँग याच राज्यात आहेत) नामवंत क्रिकेटपटूने जुलै १८५८ मध्ये एका क्रीडा साप्ताहिकाला पत्र लिहून सुचवले की, हिवाळ्यात अंगाला गंज चढू नये म्हणून क्रिकेटपटूंनी फुटबॉलचा क्लब काढावा आणि नियम ठरवण्यासाठी समिती नेमावी. मे १८५९ मध्ये मेलबर्न क्लबने नियम लिहून काढले आणि त्यानंतर दोनच महिन्यांनी, १८ जुलै १८५९ रोजी, जिलाँगचा क्लब स्थापन झाला. आजच्या लीगमध्ये वयाने तो दुसरा आहे. मेलबर्न ते जिलाँग रेल्वेमार्ग त्याच्या आधी दोन वर्षे, १८५७ मध्ये सुरू झाला होता, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे, कारण ती गाडी नसती तर या दोन गावांमध्ये नियमित सामने होणेच अवघड होते. विल्स स्वतः पुढे जिलाँगकडून खेळला आणि कर्णधारही झाला.

दोन्ही शहरांमधली चुरस खेळाच्या आधीची आहे. सोन्याच्या खाणींकडे जाणाऱ्यांना जिलाँगचा रस्ता लांबचा वाटावा म्हणून मेलबर्नच्या व्यापाऱ्यांनी खोटा नकाशा काढला होता, अशी हकीकत जिलाँगमध्ये सांगितली जाते. मेलबर्नकर जिलाँगला झोपाळू गाव म्हणून हिणवत असत. अशा गावाच्या संघाने १८७८ ते १८८६ या नऊ वर्षांत व्हिक्टोरियन फुटबॉल असोसिएशनची सात विजेतेपदे मिळवली, तेव्हा त्या टोपणनावाची काय गत झाली असेल याची कल्पना करता येते. क्लबचा आणखी एक ठसा साऱ्या लीगवर आहे. सर्वोत्तम व सचोटीच्या खेळाडूला दरवर्षी मिळणारे ब्राउनलो पदक जिलाँगचे खेळाडू आणि पदाधिकारी चार्ल्स ब्राउनलो यांच्या नावाचे आहे, आणि १९२४ मध्ये ते पहिल्यांदा मिळाले तेही जिलाँगच्याच एडवर्ड ‘कार्जी’ ग्रीव्ह्जला.

‘कॅट्स’ या आजच्या नावाची गोष्ट थोडी विषयांतराची आहे, पण मराठी वाचकाला ती सांगितल्याशिवाय राहवत नाही. १९२३ मध्ये संघ हरत चालला असताना मेलबर्नच्या ‘हेराल्ड’ दैनिकातील एका व्यंगचित्रकाराने सुचवले की, नशीब पालटण्यासाठी संघाने काळे मांजर जवळ करावे. आपल्याकडे जे मांजर आडवे गेले तर माणूस चार पावले मागे सरकतो, ते तिथे शुभशकुन ठरले. संघ जिंकला आणि नाव चिकटले. दोन वर्षांनी, १९२५ मध्ये, कॉलिंगवूडला हरवून जिलाँगने लीगचे पहिले विजेतेपद मिळवले. त्याच वर्षी फोर्ड कंपनीने जिलाँगमध्ये मोटारींचा कारखाना सुरू केला आणि क्लबला पाठबळ द्यायला सुरुवात केली. पुढची नव्वद वर्षे गावाची भाकरी आणि गावाचा संघ यांच्यावर एकाच निळ्या बोधचिन्हाची छाया राहिली.

१९३१, १९३७, १९५१, १९५२ आणि १९६३ ही पुढची विजेतेपदे. रेज हिकी याने १९३७ मध्ये खेळाडू, कर्णधार आणि प्रशिक्षक अशा तिन्ही नात्यांनी, तर पन्नाशीच्या दशकात प्रशिक्षक म्हणून संघ घडवला. १९५२ आणि १९५३ च्या मोसमांत मिळून सलग २३ विजयांचा जो विक्रम त्याच्या संघाने केला तो आजही मोडलेला नाही.

मात्र या यशामागे एक अडचण सतत उभी होती, ती म्हणजे अंतराची. युद्धकाळात ती नागडी दिसली. १९४१ मध्ये जुने कोरायो ओव्हल लष्कराकडे गेले आणि क्लब कार्डिनिया पार्कवर आला. १९४२ आणि १९४३ मध्ये रेल्वेप्रवासावर व पेट्रोलवर निर्बंध आल्याने जिलाँगला लीगमधून बाजूलाच राहावे लागले. मेलबर्नचे क्लब ट्रामने एकमेकांच्या मैदानावर जात राहिले आणि लीग चालू राहिली. बाकीच्यांच्या वाचून लीग अडते, जिलाँगवाचून अडत नाही, हा धडा त्या दोन वर्षांत मिळाला. माझ्या मते पुढच्या अर्धशतकात क्लबच्या कारभाऱ्यांच्या मनात जी एक दबलेली भीती दिसते, तिचे मूळ इथे आहे.

१९६३ च्या विजेतेपदाचा उल्लेख एका ओळीत संपवणे योग्य नाही, कारण त्या संघात ग्रॅहम ‘पॉली’ फार्मर होता. पश्चिम ऑस्ट्रेलियातील नूंगर समाजाचा हा मुलगा पर्थच्या अनाथाश्रमात वाढला आणि १९६२ मध्ये जिलाँगला आला; पहिल्याच सामन्यात गुडघा दुखावून बसला. या खेळात चेंडू फेकता येत नाही. एका हाताच्या तळव्यावर धरून दुसऱ्या हाताच्या मुठीने तो ठोसरावा लागतो. फार्मरच्या आधी हा प्रकार बहुधा अडचणीत सापडलेला खेळाडू सुटका म्हणून वापरत असे. फार्मरने त्याचे हत्यार केले. उभ्या मोटारीच्या उघड्या खिडकीतून चेंडू आरपार काढण्याचा सराव तो तासन्‌तास करत असे, असे त्याच्याविषयी नेहमी सांगितले जाते. बॉब डेव्हिसच्या मार्गदर्शनाखाली या संघाने हॉथॉर्नला ४९ गुणांनी हरवले, आणि मग ४४ वर्षे काहीच हाती लागले नाही.

ही ४४ वर्षे रिकामी नव्हती, हेच खरे दुखणे होते. संघ दुबळा असता तर लोकांनी आशा सोडली असती. १९६७ मध्ये तो अंतिम सामना हरला. १९८९ च्या ग्रँड फायनलमध्ये गॅरी एबलेटने एकट्याने नऊ गोल केले, हरलेल्या संघात असूनही सामन्याच्या सर्वोत्तम खेळाडूचे पदक मिळवले, आणि शेवटी धावफलकावर हॉथॉर्न २१.१८, जिलाँग २१.१२ असे आकडे राहिले. गोल दोघांचेही २१. फरक होता तो सहा एकेरी गुणांचा, म्हणजे बुटक्या खांबांच्या बाजूने गेलेल्या सहा चेंडूंचा. १९९२ मध्ये पुन्हा पराभव, १९९४ मध्ये ८० गुणांनी, १९९५ मध्ये ६१ गुणांनी. सात वर्षांत चार अंतिम सामने आणि चारही पराभव. देखणा खेळतात पण शेवटी कच खातात, असा शिक्का बसला.

याच काळात गावावर संकट आले. १९९० मध्ये जिलाँगची पिरॅमिड बिल्डिंग सोसायटी बुडाली. पतसंस्था किंवा सहकारी बँक बुडाल्यावर गावाची बाजारपेठ कशी गप्प होते हे महाराष्ट्रात समजावून सांगावे लागत नाही. ठेवीदारांचे पैसे फेडण्यासाठी राज्य सरकारला पेट्रोलवर लिटरमागे तीन सेंटचा अधिभार लावावा लागला, म्हणजे जिलाँगच्या संस्थेचे ओझे साऱ्या व्हिक्टोरियाने उचलले. आणि त्याबद्दलचे टोमणे जिलाँगने ऐकले. अशा गावात क्लबसाठी कोणाकडे हात पसरायचा?

लीगही बदलली होती. साउथ मेलबर्नचा क्लब १९८२ मध्ये सिडनीला गेला. १९९० मध्ये लीगने ‘व्हिक्टोरियन’ हे नाव टाकून ‘ऑस्ट्रेलियन’ हे नाव घेतले. १९९६ मध्ये संस्थापक आठांपैकी फिट्झरॉयचे ब्रिस्बेनमध्ये विलीनीकरण झाले आणि त्याच वर्षी मेलबर्न व हॉथॉर्न यांच्या एकत्रीकरणाचा प्रस्ताव सभासदांच्या मतदानापर्यंत गेला. हॉथॉर्नच्या सभासदांच्या विरोधामुळे तो बारगळला. व्हिक्टोरियात क्लब जास्त झाले आहेत, काही जायला हवेत, हा विचार तेव्हा उघडपणे मांडला जात होता. अंतिम सामने हरणारा, कर्जबाजारी, छोट्या गावचा क्लब या यादीत बसण्यासाठी आणखी काही लागत नव्हते.

१९९८ च्या अखेरीस फ्रँक कोस्टा अध्यक्ष झाले. जिलाँगचेच, भाजी व फळांच्या घराण्याच्या दुकानातून ऑस्ट्रेलियातील या धंद्यातला एक मोठा व्यवसाय उभा केलेले. १९९९ मध्ये त्यांनी ब्रायन कुक यांना मुख्य कार्यकारी अधिकारी म्हणून आणले. कुक त्याआधी वेस्ट कोस्ट ईगल्स या पर्थच्या क्लबचा कारभार पाहत होते, म्हणजे १९९२ आणि १९९४ मध्ये ज्याने जिलाँगला हरवले त्याच क्लबचा. २००० मध्ये मार्क थॉम्पसन हा एसेंडनचा माजी कर्णधार प्रशिक्षक म्हणून आला. या तिघांची नावे जिलाँगच्या उद्धाराच्या प्रत्येक कथेत येतात आणि ती यायलाच हवीत. पण केवळ माणसांच्या थोरवीने या प्रकरणाचा उलगडा होतो असे मला वाटत नाही. त्यांच्या हाती दोन गोष्टी अशा होत्या ज्या त्यांनी निर्माण केलेल्या नव्हत्या.

पहिली गोष्ट म्हणजे लीगची समतेची यंत्रणा. १९८६ पासून नवे खेळाडू ड्राफ्टमधून वाटले जातात. खालच्या क्रमांकाच्या संघाला आधी निवड मिळते, आणि वेतनावर मर्यादा असल्यामुळे श्रीमंत क्लबाला सगळेच गुणी खेळाडू उचलता येत नाहीत. कर्जबाजारी क्लबाला पैसा नसला तरी पारख चालवता येते, आणि जिलाँगने ती चालवली. १९९९ च्या एकाच ड्राफ्टमध्ये जोएल कोरी, डेव्हिड वोजिन्स्की, पॉल चॅपमन, कॅमेरॉन लिंग आणि कोरी एनराइट असे पाच जण मिळाले. एनराइटची निवड ४७ व्या क्रमांकावर झाली, म्हणजे त्याच्या आधी ४६ वेळा दुसरे नाव घेतले गेले. २००१ मध्ये जिमी बार्टेल, जेम्स केली, स्टीव्ह जॉन्सन आणि धाकटा गॅरी एबलेट आले. धाकटा एबलेट ४० व्या क्रमांकावर मिळाला तो पितापुत्र नियमामुळे. क्लबकडून पुरेसे सामने खेळलेल्या खेळाडूचा मुलगा त्याच क्लबला प्राधान्याने घेता येतो, असा हा नियम आहे, आणि मॅथ्यू स्कार्लेटही त्याच वाटेने आला होता. इथे दैवाचा भाग मोठा आहे. जिलाँगच्या कारभाराची स्तुती करताना एबलेटच्या घरी मुलगे जन्मले ही बाब कारभाऱ्यांच्या खात्यावर जमा करता येत नाही.

दुसरी गोष्ट मैदान. ही मला अधिक महत्त्वाची वाटते. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मेलबर्नचे क्लब एकेक करून आपापल्या उपनगरातली मैदाने सोडून मोठ्या सामाईक मैदानांवर गेले. रिचमंड साठच्या दशकात गेला, कॉलिंगवूडचा शेवटचा सामना व्हिक्टोरिया पार्कवर १९९९ मध्ये झाला, कार्लटनचा प्रिन्सेस पार्कवर २००५ मध्ये. लीगच्या दृष्टीने ते शहाणपणाचे होते. एका मोठ्या मैदानावर अनेक भाडेकरू ठेवणे स्वस्त पडते. जिलाँगला मात्र हा मार्ग अर्धवटच खुला होता. काही ‘घरचे’ सामने मेलबर्नला नेता येत, आणि नेले जातही, पण सगळे नेले तर क्लब जिलाँगचा उरणार नव्हता. म्हणून क्लब कार्डिनिया पार्कला चिकटून राहिला, आणि मग असे लक्षात आले की भाड्याच्या भव्य मैदानावर गर्दी जमवूनही क्लबच्या हाती थोडेच उरते, तर आपल्या मैदानावर निम्म्या गर्दीतही तिकिटे, जाहिरातफलक आणि खानपान यांचे उत्पन्न क्लबकडे राहते. जे मागासलेपणाचे लक्षण मानले गेले होते ते उत्पन्नाचे साधन ठरले. सरकार, नगरपालिका आणि लीग यांच्याकडून निधी मिळवून मैदानाची पुनर्बांधणी टप्प्याटप्प्याने सुरू झाली. २००५ मध्ये उभ्या राहिलेल्या प्रेक्षागृहाला रेज हिकीचे नाव दिले गेले.

मैदानाचा आकारही उपयोगी पडला. कार्डिनिया पार्क लांब आणि अरुंद आहे. बाहेरून आलेल्या संघाला रुंद मैदानावर चेंडू कडेकडेने नेण्याची सवय असते, ती इथे चालत नाही.

तरीही हिशेबाची वही नीट झाली म्हणजे संघ जिंकतो असे नाही. २००४ मध्ये ब्रिस्बेनकडून उपांत्य फेरीत नऊ गुणांनी हार झाली. २००५ मध्ये सिडनीच्या निक डेव्हिसने शेवटच्या सत्रात चार गोल करून जिलाँगला तीन गुणांनी बाहेर काढले. २००६ मध्ये मोसमापूर्वीचा चषक जिंकून सुरुवात झाली आणि मग घसरण अशी की, कार्डिनिया पार्कवर वेस्ट कोस्टविरुद्ध ५४ गुणांची आघाडी असताना सामना गमावला. संघ दहावा आला. थॉम्पसन येऊन सात मोसम झाले होते, हाती विजेतेपद नव्हते. गावातल्या कोणत्याही चहाच्या टेबलावर प्रशिक्षकाला काढा असेच ऐकू आले असते.

संचालक मंडळाने तसे केले नाही. मोसम संपल्यावर क्लबच्या साऱ्या कारभाराचा आढावा घेण्यात आला आणि थॉम्पसनला ठेवून त्याच्या भोवतीची व्यवस्था बदलण्याचा निर्णय झाला. फुटबॉल विभागाची जबाबदारी नील बाम यांच्याकडे आली, प्रशिक्षकाच्या डोक्यावरचा कारभाराचा भार कमी झाला, आणि शिस्तीचा अधिकार बऱ्याच अंशी खेळाडूंच्या नेतृत्वगटाकडे गेला. या शेवटच्या बदलाची कसोटी लगेच लागली. दारूच्या प्रकरणात पोलिसांनी पकडलेल्या स्टीव्ह जॉन्सनला नव्या मोसमाच्या तोंडावर संघाबाहेर काढले गेले; त्याला काढणारे त्याचेच सहकारी होते. पाच सामने तो बाहेर बसला. पाचव्या फेरीत संघ घरच्या मैदानावर नॉर्थ मेलबर्नकडून हरला, सहाव्या फेरीत जॉन्सन परतला आणि जिलाँगने रिचमंडला १५७ गुणांनी धुतले. सलग १५ विजय मिळाले.

२९ सप्टेंबर २००७. मेलबर्न क्रिकेट ग्राउंडवर ९७,३०२ प्रेक्षक. जिलाँग २४.१९, म्हणजे १६३. पोर्ट ॲडलेड ६.८, म्हणजे ४४. ११९ गुणांचा हा फरक आजही ग्रँड फायनलमधला सर्वांत मोठा आहे. १९९९ आणि २००१ च्या ड्राफ्टमधले वर सांगितलेले नऊही जण त्या दिवशी मैदानात होते. सर्वोत्तम खेळाडूचे पदक स्टीव्ह जॉन्सनला मिळाले. पुढच्या वर्षी मोसमभर एकच सामना हरलेला हा संघ अंतिम सामन्यात हॉथॉर्नकडून हरला, तेव्हा जुना शिक्का पुन्हा आठवला गेला. २००९ मध्ये सेंट किल्डाला १२ गुणांनी आणि २०११ मध्ये, थॉम्पसन जाऊन ख्रिस स्कॉट आल्यावर, कॉलिंगवूडला ३८ गुणांनी हरवून क्लबने तो पुसला. २०२२ च्या विजेतेपदात २००७ च्या संघातला एकच जण खेळला. तो कर्णधार जोएल सेलवूड होता, आणि तो सामना त्याचा शेवटचा ठरला.

दरम्यान गाव बदलले. पॉइंट हेन्रीचा ॲल्युमिनियम कारखाना २०१४ मध्ये बंद झाला. फोर्डने २०१६ मध्ये उत्पादन थांबवले. कंपनीचे नाव क्लबच्या जर्सीवर राहिले. मैदान मात्र वाढत गेले, ब्राउनलोच्या आणि सेलवूडच्या नावाची प्रेक्षागृहे उभी राहिली आणि क्षमता ४०,००० वर पोचली. म्हणजे ज्या काळात गावातल्या मोठ्या कारखान्यांची दारे बंद झाली त्याच काळात गावातली सर्वांत मोठी नवी बांधकामे मैदानावर झाली. हा पैसा रुग्णालयांवर वा शाळांवर जायला हवा होता, असे म्हणणारे जिलाँगमध्येही असतील आणि त्यांचे म्हणणे सहज झटकून टाकण्यासारखे नाही.

अंतराचा प्रश्न एका बाबतीत तसाच आहे. साखळीत वरचा क्रमांक मिळवलेल्या संघाला बाद फेरीचा सामना घरी खेळायला मिळावा असा नियम असला, तरी जिलाँगचे ‘घरचे’ बाद फेरीचे सामने मेलबर्न क्रिकेट ग्राउंडवर लावले जातात, कारण तिथे एक लाख माणसे बसतात. १८९७ मध्ये कोरायो ओव्हलवर लीगच्या पहिल्याच मोसमातला बाद फेरीचा सामना झाला होता. त्यानंतर जिलाँगमध्ये असा सामना होण्यासाठी २०१३ उजाडावे लागले. त्या दिवशी कार्डिनिया पार्कवर फ्रीमँटलचा संघ खंडाच्या दुसऱ्या टोकाहून आला आणि १५ गुणांनी जिंकून गेला. सप्टेंबरमध्ये संघ जिंकत असेल तर जिलाँगचे लोक आजही निळ्या-पांढऱ्या आडव्या पट्ट्यांचे मफलर गळ्यात घालून मेलबर्नची गाडी पकडतात, आणि आपल्या घरच्या सामन्याला जातात.